‘पहाडगंज’चे तीन तुकडे

दिल्लीतल्या रस्त्यांच्या पाट्यांवर एकच नाव चार लिप्यांत लिहिलेलं दिसतं: देवनागरी, रोमन, गुरुमुखी आणि उर्दू. नवी दिल्ली स्टेशनातून पश्चिमेच्या बाजूला बाहेर पडलं की जी वस्ती लागते, तिचं नाव हिंदीत ‘पहाड़गंज’ असं, ड-खाली नुक्ता देऊन लिहितात. याच वस्तीत नूतन मराठी शाळा आहे, आणि मराठी माणूस तेच नाव नुक्त्याशिवाय ‘पहाडगंज’ असं लिहितो. हे मराठी नाव पायथन भाषेसोबत येणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या हाती देऊन ‘यातले शब्द वेगळे काढ’ असं सांगितलं, तर एक शब्द मिळत नाही. तीन तुकडे मिळतात: ‘पह’, ‘डग’ आणि ‘ज’. काना आणि अनुस्वार मधल्यामध्ये गळतात. त्या साधनाच्या लेखी शब्द म्हणजे अक्षरं, अंक आणि अधोरेखा. काना, मात्रा, अनुस्वार यांना यूनिकोडच्या वर्गवारीत ‘अक्षर’ हा दर्जा नाही, त्या अक्षराला जोडून येणाऱ्या खुणा आहेत. हिंदीतला ‘ड़’ जर ‘ड’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिला असेल, तर तुकडे चार होतात. साध्या मजकुरातल्या खुणा ओळखून त्यांचं ठळक अक्षर, शीर्षक किंवा दुवा बनवणारा प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, कसा रचावा या प्रश्नाचा आढावा या तुकड्यांपासून सुरू करण्याला कारण आहे. असा पार्सर ‘गरजेप्रमाणे बदलता येणारा’ असावा, हे आता बहुतेकांना मान्य असतं. पण बदलता काय यावं, याचं उत्तर गेल्या चाळीस वर्षांत बहुतेक वेळा चुकीच्या जागी शोधलं गेलं. खुणा बदलता येण्याची सोय हौसेने केली गेली. अक्षर म्हणजे काय आणि शब्द कुठे संपतो, हे मात्र प्रोग्रॅमच्या पोटात कायमचं कोरलेलं राहिलं. मराठीला गरज नेमकी उलटी आहे.

खुणा बदलण्याच्या सोयीचं सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेली एसजीएमएल. तिच्यात प्रत्येक दस्तऐवजाला स्वतःचं एक घोषणापत्र जोडता येत असे. टॅग कोनी कंसात घालायचे की आणखी कशात, नावांमध्ये कोणती अक्षरं चालतील, नावाची लांबी किती असावी, हे सगळं त्या घोषणापत्रात ठरवता येई. कागदावर हे स्वातंत्र्य मोहक होतं. प्रत्यक्षात पार्सर लिहिणाऱ्याला एक भाषा वाचायची नव्हती, भाषांचं अख्खं कुटुंब वाचायचं होतं, आणि दस्तऐवज हातात आला तरी घोषणापत्र हरवलं असेल तर तो वाचता येण्याची खात्री नव्हती. म्हणून फेब्रुवारी १९९८मध्ये एक्सएमएल आली, तेव्हा तिने खुणा एकदाच पक्क्या केल्या आणि ही सोय सरळ कापून टाकली. या माघारीचा अर्थ ‘बदलता येणं वाईट’ असा लावला जातो, आणि तो अर्धाच खरा आहे. एक्सएमएलने खुणा गोठवल्या, पण नावांत कोणती अक्षरं चालतील हा प्रश्न तिला सोडवता आला नाही. तिच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी नावं चालत होती, काना-मात्रेसकट; पण शून्य रुंदीचं जोडचिन्ह चालत नव्हतं. ते नावांत घेता यावं यासाठी २००८ची पाचवी आवृत्ती यावी लागली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक ज्याला लिहायचा आहे, त्याच्यासाठी ही बारीकसारीक बाब नाही. त्या दुसऱ्या शब्दातला आडवा अर्धा र काही ठिकाणी ‘ऱ’ या स्वतंत्र संकेताने लिहिला जातो, तर काही ठिकाणी साध्या ‘र’नंतर हलन्त आणि ते अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला होता, आणि तोही पहाडगंजपासून फार दूर नाही. भारतीय मानक ब्यूरोचं मुख्यालय बहादूरशाह जफर मार्गावर आहे. या संस्थेचं आयएस १३१९४ हे १९९१चं मानक म्हणजे ‘इस्की’. इस्कीत सगळ्या ब्राह्मी कुळातल्या लिप्यांना एकच संकेतमाला होती. कोणती लिपी दाखवायची हे मजकुरातच पेरलेल्या एका ‘गुणधर्म’ संकेताने ठरे, आणि त्याच संकेताने पुढची अक्षरं ठळक, तिरपी किंवा अधोरेखित करावीत असंही सांगता येई. म्हणजे खुणा आणि अक्षरं एकाच पातळीवर राहत होती. पाटीवरच्या चार लिप्यांपैकी देवनागरी आणि गुरुमुखी या दोन इस्कीच्या हिशेबात केवळ एक गुणधर्म बदलून मिळणाऱ्या होत्या. उर्दू तिच्यात बसतच नव्हती. पुढे यूनिकोडने इस्कीची अक्षरमाला घेतली, पण तिच्यातली ठळक-तिरप्याची सोय घेतली नाही: साधा मजकूर साधा, सजावट वरच्या थरात. निर्णय योग्यच होता. मात्र इस्कीत एक जाणीव होती जी या वाटणीत निसटली. अक्षर कुठे जोडायचं आणि कुठे तोडायचं हा निर्णय मजकुराचाच भाग आहे, हे तिच्या रचनेत गृहीत होतं. हलन्तापुढे दुसरा हलन्त दिला की ‘जोडू नकोस’, नुक्ता दिला की ‘अर्धं रूप दाखव’. यूनिकोडमध्ये हेच काम दोन अदृश्य चिन्हांकडे गेलं, आणि परदेशी पार्सर त्यांना बराच काळ केरकचरा समजून झाडून टाकत राहिले.

त्याच १९९१च्या सुमारास रोमन टंकावरून देवनागरी छापण्याची दोन साधनं आली: अविनाश चोपडे यांचं ‘आयट्रान्स’ आणि नेदरलँड्समधले फ्रान्स वेल्थुइस यांचं ‘देवनाग’. दोन्ही मुळात पार्सरच. आयट्रान्समध्ये मजकुराच्या आधी-नंतर ‘इथून मराठी’, ‘इथे मराठी संपलं’ अशा आज्ञा लिहायच्या, आणि कोणतं रोमन अक्षर कोणत्या टंकातल्या कोणत्या आकाराला जाईल हे प्रोग्रॅमबाहेरच्या तक्त्यात. व्याकरण पक्कं, तक्ता बदलता. हा शहाणपणा पुढच्या पुष्कळ साधनांत दिसत नाही. या दोन साधनांनी आणखी एक गोष्ट उघड केली. वेल्थुइसच्या पद्धतीत टिंब, दुहेरी अवतरण आणि नागमोडी रेघ ही चिन्हं ण, श, ञ यांच्या रोमन रूपांचे भाग होती. इंग्रजी मजकुरात जे विरामचिन्ह, ते इथे अक्षराचा अवयव. म्हणजे एखादं चिन्ह खूण आहे की अक्षर, हे चिन्हाकडे बघून कधीच ठरत नाही. कोणत्या भाषेतला मजकूर वाचतो आहोत हे पार्सरला ठाऊक असावं लागतं.

आजच्या काळातलं, मराठीत खरोखर चालणारं आणि रोज तपासता येणारं उदाहरण म्हणजे १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया. त्यामागच्या मीडियाविकीच्या खुणा जगभर सारख्या आहेत: दुव्याला दुहेरी चौकटी कंस, ठळकसाठी तीन एकेरी अवतरणचिन्हं, शीर्षकाला बरोबरची चिन्हं. बदलतो तो शब्दसंग्रह. मराठीत चित्र टाकताना ‘चित्र:’ लिहायचं, छोटं हवं असेल तर ‘इवलेसे’, बाजूला ‘उजवे’ किंवा ‘डावे’. (‘इवलेसे’ ज्याला सुचलं त्याला भाषेचा कान होता यात शंका नाही, हिंदीत त्याच जागी ‘अंगूठाकार’ आहे.) इथे एक आक्षेप रास्त आहे. मराठी लेखातला हा चित्राचा तुकडा हिंदी विकिपीडियावर चिकटवला, तर तिथल्या पार्सरला ‘इवलेसे’ माहीत नसतं आणि तो त्याला चित्राखालची ओळ समजतो. शब्द बदलता आले की मजकुराची ने-आण बिघडते, हे खरंच आहे. मीडियाविकीने त्यावर काढलेला तोडगा असा की स्थानिक शब्द इंग्रजी शब्दाच्या जागी येत नाही, त्याच्या शेजारी येतो. इंग्रजी आज्ञा सगळीकडे चालतच राहते. बदल भर घालणारा असावा, हकालपट्टी करणारा नव्हे. ही एवढीच अट एसजीएमएलच्या घोषणापत्रांवर असती, तर तिचं आयुष्य कदाचित थोडं वाढलं असतं.

पण मीडियाविकीतली खरी मौल्यवान सोय शब्दसंग्रहाची नाही. ती आहे भाषागणिक दिलेल्या एका ओळीची, जिला ‘दुव्याची शेपटी’ म्हणता येईल. दुव्याचे कंस बंद झाल्यावर लगेच, मध्ये जागा न सोडता, जी अक्षरं येतात ती दुव्याच्या दिसणाऱ्या भागात ओढून घ्यायची का, आणि कोणती, हे ती ओळ ठरवते. इंग्रजीसाठी ती ए ते झेड एवढीच आहे. अनेकवचनाचा एस आत घेता यावा, यापलीकडे तिला काम नाही. मराठीच्या ओळीत देवनागरी अक्षरं आहेत, काना-मात्रा आहेत, दंड आणि अंक मुद्दाम वगळलेले आहेत, आणि ते अदृश्य जोडचिन्हही आहे. परिणाम असा की [[पहाडगंज]]ात असं लिहिलं तर वाचकाला ‘पहाडगंजात’ असा अखंड दुवा दिसतो. ही सोय इंग्रजीत शोभेची आहे, मराठीत अत्यावश्यक. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि बरीच शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. ‘मुंबईत’, ‘मुंबईहून’, ‘मुंबईसाठी’ ही एकेक सलग अक्षरमाळ आहे. त्यातही प्रत्ययाची सुरुवात कान्याने झाली, तर दुवा आणि प्रत्यय यांच्यामध्ये कात्री चालवणं म्हणजे एका अक्षराचे दोन भाग करणं. तसं झालं की काना ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटा बसलेला दिसतो.

हीच कात्री मार्कडाउनमध्ये रोज चालते. जॉन ग्रुबर यांनी २००४मध्ये मार्कडाउन आणलं, ते ईमेलमधल्या सवयीच्या खुणांवर आधारलेलं होतं आणि त्याला नेमकं व्याकरण नव्हतं. दहा वर्षांनी कॉमनमार्कने ते दिलं. त्यात मोठा वाटा जॉन मॅकफार्लन यांचा, जे पेशाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, आणि नियमांची काटेकोर भाषा वाचताना ते जाणवतं. ठळकपणाच्या तारका कधी उघडतात आणि कधी बंद होतात, हे त्यात शेजारच्या चिन्हांवरून ठरतं. बंद करणाऱ्या तारकांच्या अलीकडे विरामचिन्ह असेल, तर पलीकडे मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्ह असायलाच हवं. इंग्रजीत हा नियम उत्तम चालतो, एकात एक बसवलेल्या खुणा त्यामुळे उलगडता येतात. आता मराठी छपाईचा रोजचा रिवाज पाहा. वृत्तपत्राचं, पुस्तकाचं नाव अवतरणात घालायचं आणि प्रत्यय अवतरणाबाहेर चिकटवायचा: ‘केसरी’त, ‘केसरी’ने. हे नाव ठळक करायला **‘केसरी’**त असं लिहिलं, तर बंद करणाऱ्या तारकांच्या अलीकडे अवतरणचिन्ह आणि पलीकडे अक्षर आहे. नियमाप्रमाणे त्या बंद होत नाहीत, आणि वाचकासमोर तारकाच येतात. **मार्कडाउन (२००४)**मध्ये याचीही तीच गत. इथे पार्सरमध्ये बिघाड नाही. तो नियम तंतोतंत पाळतो आहे. नियमामागचं गृहीत, शब्द मोकळ्या जागेने किंवा विरामचिन्हाने संपतो हे, मराठीत खोटं आहे.

यावर पहिला आक्षेप साधा आहे: लेखकाने तारका अवतरणाच्या आत घालाव्यात, प्रश्न मिटला. अवतरणाच्या बाबतीत खरोखर मिटतो. कंसाच्या बाबतीत मिटत नाही, कारण कंस ठळक भागातच हवा असतो. शिवाय यंत्राने तयार केलेली उत्तरं आता सर्रास मार्कडाउनमध्येच येतात, आणि तारका कुठे घालायच्या हे तिथे लेखक ठरवत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मग नियमच सगळ्यांसाठी सैल का करू नये, भाषागणिक बदलाची भानगड कशाला? कारण इंग्रजीत शेवटचं एकेरी अवतरण आणि षष्ठीचं चिन्ह एकच असतं, आणि तिथे सैल नियम नव्या चुका घडवतो. मराठीत त्या चिन्हाला तसं दुसरं काम नाही. एकच चिन्ह दोन भाषांत दोन तऱ्हांनी वागत असेल, तर ती गोष्ट व्याकरणात न घालता भाषेच्या नोंदीत घालावी, हेच बरं. त्या नोंदीत फार काही लागत नाही: कोणत्या चिन्हांनंतर प्रत्यय चिकटू शकतो त्यांचा एक संच, आणि प्रत्ययात कोणते संकेत येऊ शकतात त्यांचा दुसरा. ही नोंद निव्वळ माहिती असावी, तिच्यात चालणारा कोड नसावा. लोकांनी लिहिलेली गुंतागुंतीची रेग्युलर एक्स्प्रेशनं पार्सरमध्ये घुसली, की एखादी वाकडी ओळ सर्व्हरला मिनिटभर अडकवू शकते. संचात एखादा संकेत आहे की नाही हे पाहायला मात्र काहीच वेळ लागत नाही.

तिसरा आक्षेप यूनिकोडचा आहे. अक्षराच्या सीमा ठरवण्याचं काम यूनिकोडने केलेलं असताना पार्सरने ते पुन्हा का करावं? उत्तर असं की यूनिकोडचंही हे काम हळूहळूच पुरं होत आहे. ‘क्ष’सारखं जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम त्याच्या सर्वसाधारण व्यवस्थेत २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. तोवर हलन्तापाशी तोडायला परवानगी होती. प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणखी मागे असतात. जावास्क्रिप्टच्या लेखी शब्दात फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेखा, पायथनमध्ये मात्रा गळते, पर्लमध्ये ती टिकते. एकच पार्सर तीन भाषांत उतरवला तर ‘पहाडगंज’चे तीन वेगळे अर्थ निघतील. म्हणून पार्सरने शब्दाची व्याख्या खालच्या भाषेकडून उसनी न घेता स्वतःच्या नोंदीतून घ्यावी, आणि त्याआधी मजकूर एका ठरावीक रूपात आणावा. त्या रूपांतरातही एक गंमत आहे. यूनिकोडच्या एनएफसी रूपात ‘र’ आणि नुक्ता एकत्र येऊन मराठीचा ‘ऱ’ बनतो, पण हिंदीचा ‘ड़’ उलट फुटून ‘ड’ आणि नुक्ता होतो. खुणा शोधण्याच्या आधी ही पायरी झाली नाही, तर सारखेच दिसणारे दोन दुवे दोन निरनिराळ्या पानांकडे जातात.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत खरा पुरावा कीबोर्डवर आहे. खुणा पक्क्या ठेवा असं म्हणताना त्या टंकता येतात असं गृहीत धरलेलं असतं. इन्स्क्रिप्टच्या आराखड्यात चौकटी कंसांच्या कळांवर ड आणि नुक्ता आहेत, महिरपी कंसांच्या जागी ढ आणि ञ, एकेरी अवतरणावर ट, बरोबरच्या चिन्हावर ऋकाराची खूण, उभ्या रेघेवर ऑ, तारकेवर श्र. म्हणजे विकिपीडियाच्या आणि मार्कडाउनच्या जवळपास सगळ्या खुणा तिथे अक्षरांनी व्यापल्या आहेत, आणि टंकणाऱ्याला दर दुव्याला कीबोर्ड बदलावा लागतो. सरकारी कार्यालयातल्या प्रशिक्षित टंकलेखकाला ही शिक्षाच आहे. मग खुणाच बदलू द्याव्यात का? मला वाटतं, टंकताना द्याव्यात आणि साठवताना नाही. संपादकाच्या खिडकीत बटण असो, सोपी पर्यायी खूण असो किंवा २०१३पासून विकिपीडियावर असलेला दृश्य संपादक असो. साठवलेला मजकूर एकाच पक्क्या रूपात असावा. दृश्य संपादक आल्यावर खुणांचा पार्सर निरुपयोगी होईल असं भाकीत होतं. झालं उलटंच. दिसणारं पान परत विकिमजकुरात उतरवता यावं म्हणून पार्सॉइड हा नवा, आधीच्याहून कितीतरी काटेकोर पार्सर लिहावा लागला.

आणि सीमा कुठे आखायची? [[पुणे]] या दुव्याला शेपटी लावून ‘पुण्यात’ होत नाही. तिथे सामान्यरूपाने मूळ शब्दच बदलला आहे. [[पुणे|पुण्यात]] असं दोन्ही लिहावं लागतं. पार्सरला सामान्यरूप शिकवावं अशी सूचना मोहात पाडते, आणि फिनिशसारख्या भाषांसाठी मीडियाविकीत शब्दरूपं बनवणारी आज्ञा आहेही. मराठीत मात्र विशेषनामांच्या बाबतीत रूढीच एक नाही. ‘पहाडगंजात’ आणि ‘पहाडगंजमध्ये’ दोन्ही लिहिलं जातं, आणि कुणाचं बरोबर हे ठरवणं प्रोग्रॅमचं काम नव्हे. अक्षरांचा संच नोंदीत, शब्दांची रूपं लेखकाकडे. हाच हिशेब त्या नुक्त्यालाही लागू होतो. ‘ड़’चे दोन संकेतक्रम एक करणं पार्सरच्या हातचं आहे, पण ‘पहाड़गंज’ आणि ‘पहाडगंज’ एकच मानणं नाही, कारण हिंदीत ड आणि ड़ हे दोन वेगळे उच्चार आहेत. तिथे कुणा संपादकाने हिंदी वळणाच्या नावाचं पान उघडून त्यात एवढी एकच ओळ लिहायची असते: #पुनर्निर्देशन [[पहाडगंज]]